डॉकिंगआधी प्रथिनाच्या रचनेची पडताळणी हवी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाशिकमधील औषधनिर्माणशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान शिकणारे अनेक विद्यार्थी प्रकल्पासाठी ‘डॉकिंग’ निवडतात. प्रोटीन डेटा बँक या प्रथिनरचनांच्या खुल्या संग्रहातून प्रथिनाची रचना उतरवून घ्यायची, औषधाचा रेणू संगणकावर तिच्यात बसवायचा आणि तो किती चांगला बसतो याचा मिळालेला स्कोअर अहवालात लिहायचा, असे हे काम असते. ती रचना मूळ प्रयोगाशी कितपत जुळते हे पाहिल्याची नोंद मात्र मी वाचलेल्या अहवालांत क्वचितच आढळते.

प्रथिनाच्या स्फटिकावर क्ष-किरण सोडून मोजली जाते ती विवर्तित, म्हणजे विखुरलेल्या, किरणांची तीव्रता. अणूंच्या जागा संशोधक त्यावरून काढलेल्या इलेक्ट्रॉन घनतेच्या (इलेक्ट्रॉन कुठे किती दाट आहेत त्याच्या) नकाशात बसवतो, आणि तिथे चूक होऊ शकते. पेशीच्या पटलातील काही वाहक प्रथिनांवरचे पाच शोधनिबंध 2006-07 मध्ये मागे घ्यावे लागले, कारण प्रयोगशाळेतल्याच एका प्रोग्रॅममध्ये चिन्ह उलटले होते आणि त्यामुळे रचनेची डावी-उजवी बाजू पालटली होती. स्वित्झर्लंडमधील गटाने त्याच कुळातल्या प्रथिनाची रचना प्रसिद्ध केली, तेव्हा ही विसंगती उघड झाली.

अशा चुका पकडण्याची साधने आज मोफत मिळतात. गो. ना. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मद्रासमध्ये 1963 साली मांडलेला आलेख ‘मोलप्रोबिटी’सारख्या सॉफ्टवेअरमध्ये रोज वापरला जातो, ही आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट आहे. परंतु तो आलेख केवळ प्रथिनाच्या साखळीची वळणे शक्य आहेत का, एवढेच सांगतो. प्रयोगाशी मेळ तपासायला 1992 मध्ये स्फटिकशास्त्रज्ञ ब्रुंगर यांनी सुचवलेला ‘आर-फ्री’ हा आकडा हवा. त्यासाठी मोजमापांचा छोटा भाग रचना सुधारताना मुद्दाम बाजूला ठेवतात आणि रचना त्याच्याशी किती जुळते ते पाहतात. आणि एकूण आकडे उत्तम असूनही नेमक्या औषधाच्या रेणूभोवती घनता जवळपास नसावी, असेही घडते. डॉकिंग करणाऱ्याला तर तीच जागा महत्त्वाची असते! 2008 पासून स्फटिकरचनेबरोबर मूळ मोजमापे जमा करणे बंधनकारक असल्याने ‘कूट’ या सॉफ्टवेअरमध्ये नकाशा उघडून तो रेणू घनतेत बसतो की नाही, हे विद्यार्थी स्वतः पाहू शकतो.

म्हणून महाविद्यालयांनी प्रकल्प अहवालात रचनेचा पडताळणी अहवाल जोडणे आवश्यक करावे, त्याला स्वतंत्र गुण ठेवावेत आणि तोंडी परीक्षेत परीक्षकांनी घनतेचा नकाशा दाखवायला सांगावा, अशी विनंती आहे.

आपली विश्वासू,
रसायनशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, गंगापूर रोड, नाशिक