सील तोडणारा हात स्थानिकच असतो

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

युरोपातील संघटित गुन्हेगारीवर आपल्या दैनिकात नुकताच आलेला लेख माहितीपूर्ण होता. मात्र बाहेरून आलेल्या लोंढ्यांनी शांत देश नासवले, हा त्यातील निष्कर्ष मला पटला नाही. नुसती माणसे स्थलांतरित झाल्याने टोळी परक्या मुलखात रुजत नाही. तिथल्याच एखाद्या प्रतिष्ठिताला तिची गरज पडते, तेव्हा ती रुजते.

उत्तर इटलीत फ्रान्सच्या सीमेलगत बार्दोनेक्किया हे बर्फातील खेळांसाठी प्रसिद्ध असलेले गाव आहे. १९५६ च्या एका कायद्यान्वये दक्षिणेकडील संशयित टोळीवाल्यांना त्यांच्या मुलखापासून तोडण्यासाठी उत्तरेतल्या गावांत सक्तीने राहायला पाठवले जाई. सोलापूर-धाराशिवमधून गुंडाला तडीपार करावे, तशातलाच हा प्रकार. त्या काळात गावात हॉटेले आणि सदनिकांची बांधकामे जोरात होती, आणि बांधकाम व्यावसायिकांना युनियनच्या भानगडीत न पडणारे स्वस्त मजूर हवे होते. इटलीच्या दक्षिण टोकाच्या कलाब्रिया प्रांतातून आलेल्या टोळीवाल्यांनी ते पुरवले, मग ठेके मिळवले, आणि पुढे नगरपालिकेपर्यंत हात पोहोचवले. माफियाच्या शिरकावामुळे १९९५ मध्ये ती नगरपालिका बरखास्त झाली; उत्तर इटलीतील अशी ती पहिलीच. दक्षिणेतले मजूर उत्तरेतल्या शेकडो गावांत गेले होते, पण सगळीकडे असे घडले नाही. तेव्हा दोष मजुराच्या वळकटीत शोधायचा की ठेकेदाराच्या हजेरीपटात, याचा विचार व्हावा. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या कष्टावर ज्या शहराचा पूर्व भाग उभा राहिला, त्या सोलापूरने तरी स्थलांतरिताकडे आधी बोट दाखवू नये.

जर्मनीला जाग आली ती १५ ऑगस्ट २००७ च्या पहाटे. ड्यूसबुर्ग शहरात एका इटालियन रेस्तराँबाहेर सहा जणांना गोळ्या घालण्यात आल्या. कारण होते कलाब्रियातील सान लुका गावच्या दोन घराण्यांचे वैर. परंतु ही मंडळी त्या रात्री जर्मनीत उतरली नव्हती. त्यांची माणसे आणि त्यांचा पैसा कितीतरी वर्षे आधी तिथे स्थिरावला होता. धंद्याच्या दृष्टीने पाहिले तर तो गोळीबार ही त्यांची चूकच होती, कारण आवाज झाला की पोलीस येतात. स्थिर लोकशाही त्यांना आवडते ती याचसाठी, की तिथे कोणी कोणाचा उतारा रातोरात फिरवत नाही, करार न्यायालयात टिकतो, बँक बुडत नाही. सज्जनाच्या ठेवीला जे संरक्षण मिळते, तेच चोराच्या ठेवीलाही मिळते. इटलीने १९८२ मध्ये कलम ४१६ बिस आणून माफिया टोळीचे नुसते सदस्यत्वही गुन्हा ठरवले आणि मालमत्ता जप्त करण्याची वाट मोकळी केली. तेही खासदार पिओ ला तोर्रे आणि जनरल दाल्ला किएसा यांचे त्याच वर्षी मुडदे पडल्यानंतर. शेजारच्या देशांना मात्र हा बराच काळ इटलीचा घरगुती प्रश्न वाटत राहिला.

आता माझ्या अनुभवातले थोडे सांगतो. अक्कलकोट रोडवरील एका टॉवेल कारखान्यात मी २६ वर्षे डिस्पॅच सांभाळले. गाठी भरून कंटेनरचे दार लागले की त्याला बोल्ट सील, म्हणजे तोडल्याशिवाय न निघणारी नंबर असलेली खीळ, ठोकले जाई, आणि त्यावरचा नंबर मी कागदावर उतरवून पुन्हा एकदा बोट ठेवून वाचत असे, कारण एक आकडा चुकला तर माल न्हावा शेवाला अडकायचा. बेल्जियमच्या अँटवर्प बंदरातील कोकेनच्या धंद्याचे वर्णन वाचताना मला ते सील आठवले. दक्षिण अमेरिकेतील बंदरात एखाद्या प्रामाणिक व्यापाऱ्याच्या कंटेनरच्या दाराशी कोकेनच्या पिशव्या टाकायच्या आणि सोबत त्याच नंबरचे बनावट सील ठेवायचे. अँटवर्पला आतल्या माणसाने दार उघडून पिशव्या काढायच्या आणि ते बनावट सील ठोकून द्यायचे. व्यापाऱ्याला पत्ताही लागत नाही. २०२३ मध्ये या एका बंदरात सुमारे ११६ टन कोकेन पकडले गेले. ते पिकवणारे कोलंबियाचे असतील, पण सील तोडणारा हात बंदरावरच्या कामगाराचा असतो, आणि कंटेनर सोडवण्याचा कोड विकणारा, माझ्यासारखाच, एखादा क्लार्क असतो.

अशी वाळवी पुरेशी आत शिरली की मग गोळ्या झाडायलाही भीती वाटेनाशी होते. अॅमस्टरडॅममध्ये २०१९ साली टोळीविरुद्धच्या खटल्यातील साक्षीदाराचे वकील डेर्क वीरसुम यांची घराजवळ हत्या झाली, आणि २०२१ साली त्याच साक्षीदाराला सल्ला देणारे पत्रकार पेटर डे फ्रीस यांना भर रस्त्यात गोळ्या घातल्या गेल्या.

आपल्याकडची उदाहरणे यापेक्षा वेगळी नाहीत. अबू सालेम २००२ मध्ये सापडला तो लिस्बनमध्ये, आणि त्याला भारतात आणायला २००५ उजाडले, तेही फाशी न देण्याची हमी दिल्यावर. सप्टेंबर २०२५ मध्ये कॅनडाने बिश्नोई टोळीला दहशतवादी संघटना जाहीर केले. आणि दूर कशाला, ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्याच चिंचोळी एमआयडीसीतील एका कारखान्यात मेफेड्रोन हा अमली पदार्थ बनत असल्याचे मुंबई पोलिसांनी उघड केले. ते आपल्याला वर्तमानपत्रातून कळले.

सोलापुरात बंद पडलेल्या कारखान्यांच्या फाटकांवर 'भाड्याने देणे आहे' अशा पाट्या ठिकठिकाणी दिसतात. अशी जागा कोणी घेतली, भाडे रोखीत येते का, वीज आणि पाण्याचा वापर सांगितलेल्या उत्पादनाशी जुळतो का, याची वर्षातून एकदा तरी तपासणी औद्योगिक विकास महामंडळाने आणि महावितरणने मिळून करावी, आणि तिचा अहवाल आपल्या दैनिकाने मागवून छापावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त डिस्पॅच क्लार्क, सोलापूर