हेरेसच्या त्या गिटारवाल्यांना

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. ते पुकारलं तेव्हाच मागे कुणाच्या हातून ग्लास पडला, हशा झाला, टाळ्या झाल्या आणि नाव त्यात बुडालं. नंतर विचारायचं राहून गेलं. लेक हे पत्र स्पॅनिशमध्ये करून देईन म्हणते. पण आधी ते मराठीतच लिहितो, कारण यात एक कबुली आहे आणि ती मला दुसऱ्या भाषेत जमायची नाही.

मी मिरजेचा पेटीवाला. भजनापासून बैठकीपर्यंत चाळीस वर्षं साथ केली. दोन वर्षांपूर्वी पेटी बंद केली आणि वर चादर टाकली. कुणी विचारलं तर सांगायला कारणं भरपूर होती : पत्रिकेत नाव नाही, पेटीचा माइक मुद्दाम बारीक, वर्तमानपत्रातल्या बातमीत ‘इतरांनी साथ केली’. त्या ‘इतरां’मध्ये आपण किती वर्षं राहायचं, असं डोक्यात बसलं होतं. लेक स्पेनमध्ये सेव्हियात नोकरीला, ती म्हणाली, बाबा, इकडे या थोडे दिवस. एका संध्याकाळी तिनं मला आगगाडीत घातलं आणि तुमच्या गावात, त्या तबांकोत, म्हणजे शेरी या वाइनच्या गुत्त्यात, आणून बसवलं.

जागा केवढीशी! भिंतीला शेरीची काळी पिंपं, आणि कोण किती प्यालं याचा हिशेब मालक समोरच्या लाकडी फळीवर खडूनं लिहितोय. आमच्याकडच्या किराणा दुकानाची आठवण झाली. कोपऱ्यात दोन खुर्च्या. एकीवर तुम्ही, दुसरीवर काळ्या शालीतल्या त्या बाई, वय सत्तरीच्या आसपास.

तोवर मला फ्लामेंको, म्हणजे तुमच्याकडच्या त्या गाण्याबजावण्यातली, गिटार म्हणजे पाको दे लुसिया एवढंच ठाऊक. १९८० च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत जॉन मॅकलॉफ्लिन आणि अल डी मेओला या दोन गिटारवाल्यांबरोबर तो वाजवला, त्याची कॅसेट आमच्यात घासून घासून खराब झाली होती. काय ती तयारी, काय त्या ताना! मला तेच हवं होतं. आणि सुरुवातीला तुम्ही एकटे वाजवलंत तेव्हा ते मिळालंही. तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीनं धावतायत, अंगठा एकाच तारेवर वरखाली घाव घालतोय, मग पाची बोटं पंख्यासारखी उलगडून तारांवरून जातायत, आणि मध्येच करंगळीशेजारच्या बोटाचा लाकडावर टक्क. वाद्याच्या पोटावर त्यासाठी पारदर्शक पट्टी डकवलेली आणि तीही ओरखड्यांनी भरलेली. म्हणजे तबला आणि सतार एकाच माणसाच्या हातात. मी खूश.

मग बाईंनी तुमच्याकडे न बघताच हळू काहीतरी सांगितलं. लेकीनं कानात भाषांतर केलं, ‘चारवर, वरून’. तुम्ही कॅपो, तारा दाबून पट्टी चढवणारी ती चिमटी, चौथ्या पडद्यावर सरकवलात आणि मी एकदम सरसावून बसलो. अहो, हे तर आमचंच! आमचे बुवा मंचावर चढता चढता कानात पुटपुटतात, ‘काळी एक’, आणि आम्ही मान डोलावतो. गायकाचा गळा कुठे आहे ते साथीदाराला एका शब्दात कळलं पाहिजे. तुमच्याकडे पडद्याचा आकडा आणि हाताची ठेवण, आमच्याकडे पट्टी. दोन्हीकडे पुटपुटण्याचा सूरही तोच.

सोलेआ, तुमच्याकडचा तो गंभीर गानप्रकार, सुरू झाली. भैरवीचे कोमल स्वर म्हणता म्हणता मुक्कामाला शुद्ध गंधार लागला, मी लेकीला म्हटलं, बसंत मुखारी! ओळख पटल्याचा आनंद मोठा फसवा असतो. नाव सापडलं की आपण ऐकणं थांबवतो. (भारतातून येणारा प्रत्येक जण तुम्हाला कथ्थक आणि जिप्सींच्या वाटचालीबद्दल सांगत असणार. मी सांगत नाही, तुमची सुटका.) बारा मात्रा आहेत एवढं कळलं, म्हणून मी एकतालाच्या हिशेबानं एकावर टाळी दिली. शेजारच्या म्हाताऱ्यानं माझ्या मनगटावर हात ठेवला. रागानं नाही, रडणाऱ्या पोराला थोपटावं तसा.

आता ज्यासाठी पत्र लिहितोय ते.

तिसरं कडवं. बाईंनी वरचा स्वर घेतला आणि मध्येच आवाज फुटला. फुटला आणि बंदच झाला. ओठ हलतायत, स्वर नाही. त्या क्षणी तुमच्या हातात काय काय होतं हे मी दहा मिनिटांपूर्वीच ऐकलं होतं. एक झणझणीत तुकडा टाकला असतात तर कुणाला कळलंही नसतं, उलट ‘ओले’, म्हणजे आमची ‘वाहवा’, मिळाला असता. तुम्ही हात खाली आणलात. नुसता अंगठा, एक जाड तार आणि लाकडावरचा टक्क. एक आवर्तन. दुसरं आवर्तन. लय तसूभर हलली नाही, पण तिच्यात तुम्ही काहीच ठेवलं नाहीत. नजर सबंध वेळ बाईंच्या गळ्यावर. त्यांनी पाण्याचा घोट घेतला, शाल सारखी केली. तिसऱ्या आवर्तनात त्यांनी श्वास आत ओढला मात्र, तुम्ही तो एक स्वरसमूह दिलात, पुढच्या ओळीकडे नेणारा, दार किलकिलं करावं तेवढाच. त्या आत शिरल्या, खालच्या स्वरावर. आणि त्यानंतर त्या जे गायल्या त्यावर मी काही लिहिणार नाही.

माझ्या डोळ्यांसमोर मात्र दुसराच मंच होता. बारा वर्षांपूर्वीचा. ज्यांना मी वीस वर्षं साथ केली त्या बुवांचा आवाज भैरवीत असाच अडकला. आणि मी, पेटीवाला, त्या मोकळ्या जागेत शिरलो. दोन आवर्तनं तुफान वाजवली. प्रचंड टाळ्या. बुवा मांडीवर हात ठेवून गप्प बसले होते. पुढे त्यांचं बोलावणं आलं नाही, आणि मी बारा वर्षं लोकांना सांगत राहिलो की बुवांना माझ्या टाळ्या सोसल्या नाहीत.

मला वाटतं, यात वाद्याचाही थोडा हात आहे. गिटारचा सूर छेडल्या क्षणापासून विझायला लागतो, त्यामुळे तुम्हाला रिकामी जागा रोजची. पेटीचा सूर भाता हलतोय तोवर मरत नाही. आम्ही गायकाच्या मागे सुराची गादी पसरत जातो, आणि मग त्या गादीवर स्वतःच बसतो. अर्थात ही पळवाट झाली. आप्पा जळगावकरांची पेटी भीमसेनजींच्या मागे ऐकलेला माणूस मी, मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू?

मैफल संपल्यावर तुम्ही आमच्या टेबलाशी आलात. माझी चुकलेली टाळी तुम्ही पाहिली होती! मला वाटलं, बोलणी बसणार. तुम्ही खुर्ची ओढलीत, मूठ वळलीत आणि बोटांच्या हाडांनी टेबलावर ठोके द्यायला लागलात, तोंडानं मोजत : उन दोस, उन दोस त्रेस, क्वात्रो सिंको सेइस, सिएते ओचो, नुएवे दिएस. मी म्हटलं, अकरा-बारा कुठे गेले? लेक हसली. ते सुरुवातीचे ‘उन दोस’ तेच अकरा-बारा! बुलेरिया, तुमचा तो जलद प्रकार, त्यांच्यापासूनच धरायची आणि जोर बारा, तीन, सहा, आठ, दहावर. आम्ही एकावर येऊन भेटतो, तुम्ही दहावर येऊन बसता आणि उरलेल्या दोन मात्रा हवेत सोडता. तुम्ही माझी मूठ तुमच्या हातात घेऊन ठोकून घेतलीत, चार वेळा, सहा वेळा. उजव्या हाताची नखं जाड, गोंद लावून टणक केलेली, ती माझ्या हाताला टोचत होती. सातव्या वेळी जमलं तेव्हा तुम्ही ‘एसो एस’, हं, असंच, म्हणालात. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी इतकं बरं मला कुठल्याच शाबासकीनं वाटलं नव्हतं.

परतीच्या गाडीत लेकीनं फोनवर कामारोन हा फ्लामेंको गायक लावला, मागे साथीला तरुण पाको. दोघे तुमच्याच काडिस प्रांतातले, १९६९ ते १९७७ मध्ये एकत्र ध्वनिमुद्रणं केलेले. ज्या बोटांची धाव मी कॅसेटवर पारायणं करून ऐकली, तीच बोटं इथे गायकाच्या ओळीशेवटी दोन स्वर टाकून बाजूला होत होती. हा पाको मला पन्नाशीच्या आधी भेटायला हवा होता.

तुमचे आभार कशाबद्दल, ते एव्हाना लक्षात आलं असेल. वाजवल्याबद्दल आहेतच. जास्त आहेत ते त्या दोन आवर्तनांबद्दल.

मिरजेला आल्यावर चादर काढली. एक पट्टी बसली होती, ती सुटी करायला आठवडा गेला. मग बुवांना फोन लावला. आधी तब्येत, मग पाऊस, मग दोघेही गप्प. त्या भैरवीबद्दल जे बोलायचं होतं ते मी बोललो, फार नीट नाही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “गुरुवारी घरी ये. काळी एक आता झेपत नाही रे, पांढरी एकवर बसावं लागतं. चालेल?”

चालेल म्हणालो.

आपला,
मिरजेचा एक पेटीवाला