उन्हाच्या दुकानाबद्दल

लिव्हरपूल, 12 नोव्हेंबर

ती. आई आणि ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, कांदा-लसूण मसाला अजून पुरतोय, खोकला कधीच गेला. फोनवर हा विषय निघाला की आई गप्प होते आणि माझा आवाज चढतो, म्हणून या वेळी लिहून पाठवतेय. बाबा, मोठ्याने वाचून दाखवा. मधलं काही गाळू नका.

तर शेजारचा गाळा घेतलाय आणि त्यात दोन सनबेड, म्हणजे दिव्यांच्या कृत्रिम उन्हात कातडी रापवायची मशीन, बसवायचे आहेत. एक उभं, एक आडवं. पार्लर बंद करत नाहीये, ते आधी ऐकून घे, आई. थ्रेडिंगला येणाऱ्या बायकाच भुवया झाल्या की विचारतात, इथे सनबेड नाही का? आणि दोन दुकानं सोडून पलीकडे जातात. किती दिवस नुसती बघत बसू?

माणसं काळी व्हायला पैसे मोजतात हे तुला अजून पटत नाही ना? नीट सांगते. डिसेंबरात इथे चार वाजता दिवस मावळतो. पांढरीफटक कातडी म्हणजे आजारी, कामाच्या रगाड्यात अडकलेली. रापलेली म्हणजे सुट्टीवर जाऊन आलेली, चार पैसे बाळगून असलेली. स्पेनला सुट्टीवर निघालेली बाईसुद्धा तिथे पांढरी उतरायला नको म्हणून आधी इथेच रंग चढवून जाते. म्हणजे उन्हात जाण्यासाठी ऊन विकत घ्यायचं! एप्रिलमध्ये इथल्या एन्ट्री नावाच्या रेसकोर्सवर ग्रँड नॅशनल असते, घोड्यांची शर्यत. त्यातला शुक्रवार खास बायकांचा. थंडी असो, पाऊस असो, उघडे खांदे आणि त्यावर तो रंग हवाच. याच मुली शनिवारी डोक्याला हे मोठाले रोलर्स लावून भर बाजारात सामान घेत फिरतात, संध्याकाळी बाहेर जायचंय हे सगळ्या गावाला कळावं म्हणून. मला आधी वाटायचं, विसरल्या असतील काढायला.

परवा एका गिऱ्हाइकाने खुर्चीत बसल्या बसल्या टॉपची पट्टी खांद्यावरून बाजूला केली. पट्टीखाली बोटभर पांढरी रेघ, दोन्हीकडे तांबूस तपकिरी कातडी. "बघ, कसा धरलाय रंग!" आपल्याकडे बांगडी वर सरकवून खालची गोरी रेघ दाखवतात, माझा मूळ रंग हा म्हणून. ही मूळ रंग दाखवत होती तो केवळ त्याच्यापासून किती लांब आलेय ते मोजायला.

आणि आई, तू तर मला बोलूच नकोस. लग्नसराईत पुढच्या खोलीत ओळीने मुली बसायच्या, तू ब्लीच लावायचीस, कुणाचा चेहरा चुरचुरला तर "पाचच मिनिटं गं" म्हणायचीस. वाटी धरून मीच उभी असायचे. त्याच पैशांवर माझी फी भरली गेली. तेव्हा कुणी विचारलं नाही, हे बरं की वाईट.

बाबा, आता तुमच्या प्रश्नाचं. लाइट बिलाचं गणित केलंय. उभ्या मशीनमध्ये 50 ट्यूब, प्रत्येकी 180 वॅट, म्हणजे 9 किलोवॅट. आपल्या विहिरीवर 12 एचपीची मोटर चालवल्यासारखं, पंखे वेगळे. म्हणून थ्री फेज लागते, आणि गाळ्यात सिंगल फेजच आहे. ते कनेक्शन आणि गरम हवा बाहेर काढायचा डक्ट, यावरच बरेचसे पैसे जाणार. रात्री-बेरात्री उठून लाइट आली का बघायला मात्र लागणार नाही.

जुनं मशीन स्वस्तात का घेत नाही म्हणालात. गेले होते बघायला. विकणारा म्हणे, ट्यूब नव्या आहेत. तासांचा मीटर बघू म्हटलं तर तो बंद! ट्यूबची ताकद पाच-सातशे तासांनंतर उतरत जाते, मग पन्नासच्या पन्नास एकदम बदलायच्या, आणि नव्या घातल्या की गिऱ्हाइकाची मिनिटं कमी करायची, नाहीतर भाजतं. शिवाय जुन्या मशीनमधून निघणारा, कातडी भाजणाऱ्या अतिनील किरणांचा मारा इथल्या मर्यादेबाहेर असू शकतो. मर्यादा आहे चौरस मीटरला 0.3 वॅट. हे ऐकायला काहीच नाही, पण ते उष्ण कटिबंधातलं भरदुपारचं ऊन आहे. वैशाखात कराडच्या स्टँडवर बारा वाजता उभं राहा, तेवढं. म्हणून नवं, जर्मन बनावटीचं, हप्त्यांवर. माझी भागीदार आयुष्यभर याच धंद्यात आहे, तिचंही तेच म्हणणं.

कॅन्सरचं. मेलबर्नच्या दादाने तुम्हाला पाठवलेलं मीही वाचलंय. हो, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2009 मध्ये सनबेड पहिल्या गटात टाकलं, तंबाखू आहे त्याच गटात. हो, मेलबर्नला 2015 पासून असली दुकानं बंद आहेत. त्याला म्हणावं, तुमच्याकडे ऊन फुकट आहे. इथे कायद्याने चालतं, 2011 पासून फक्त अठरा वर्षांखालच्यांना बंदी. आम्ही ओळखपत्र बघणार, चष्मा लावल्याशिवाय मशीन चालू करणार नाही, लाल केसांच्या, ठिपक्याठिपक्यांच्या कातडीच्या मुलींना परत पाठवणार, कारण त्यांची कातडी रापतच नाही, नुसती भाजते. रोज येणारीलाही नाही म्हणणार. बाकीच्या सज्ञान आहेत. गावात तंबाखूची पुडी विकणाऱ्याला आपण वाईट म्हणतो का? बाबा, हे वाक्य आईला वाचून दाखवलं नाहीत तरी चालेल.

मी स्वतः आत जाणार नाही. शोरूममध्ये उभी राहिले होते, दिवे न लावता.

आता बाकीचं. तुमची एफडी मोडू नका, मला त्यातला एक रुपया नको. स्लॅबचे पैसे दिवाळीनंतर एकदम पाठवते म्हणाले होते, ते आता तीन हप्त्यांत येतील, पहिला या आठवड्यात. गवंड्याला तसं सांगा, त्याला वाटायला नको की मुलगी विसरली. पिंट्याच्या लग्नाला मी येतेय, नक्की. फक्त मशीन फेब्रुवारीतच येणार आणि शर्यतीच्या आधी दुकान सुरू व्हायला हवं, त्यामुळे हळदीच्या आदल्या दिवशी पोचेन आणि पूजा झाली की निघेन. मांडव, बस्ता, आंदणाची भांडी यात माझी मदत नाही, माहीत आहे. वहिनीच्या शालूचे पैसे माझ्याकडून, त्यावर वाद नको.

कोल्हापूरच्या स्थळाचा फोटो पाहिला. माणूस बरा वाटतो. पण इकडे यायची तयारी आहे का ते आधी विचारा, मी परत येईन असं परस्पर सांगू नका. आणि मी काय करते विचारलं तर सध्या ब्यूटी सलून आहे एवढंच सांगा, पुढचं मी बोलेन.

आई, गुडघ्याचा एक्स-रे काढलास का? ब्लाउजसाठी माझं जुनं माप देऊ नकोस, दंडात घट्ट होईल. नवं उद्या पाठवते.

तुमची,
मनू