पांढरं निशाण

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर रोजच बोलतो, पण हे बसून लिहावंसं वाटलं. शनिवारी सेनेका फॉल्सला गेलो होतो, रॉचेस्टरहून गाडीने तासाभरावर. एलिझाबेथ केडी स्टँटनचं घर तिथे जपून ठेवलंय. 1848 च्या जुलैत बायकांच्या हक्कांसाठी त्या गावात परिषद भरली, त्यातली ही पुढारी. पण मी परिषदेपेक्षा तिच्या घरातच अडकले. एकूण सात मुलं, नवरा बराच काळ बाहेरगावी. मैत्रीण सुझन अँथनी आली की पोरं आणि चुलीवरचं पुडिंग तिच्यावर सोपवायची आणि आपण भाषण लिहायला बसायची. आई, तू पेपर तपासायचीस तेव्हा आजी कुकरच्या शिट्ट्या मोजत बसायची, तसंच.

मूल झालं की ती घरावर निशाण लावायची. मुलगा झाला तर लाल, मुलगी झाली तर पांढरं. चार मुलग्यांनंतर 1852 मध्ये मार्गारेट झाली, तेव्हा कुठे पांढरं लागलं. आपल्या पेढे-बर्फीचीच तऱ्हा!

तिचे वडील न्यायाधीश. 1826 मध्ये त्यांचा हाताशी आलेला मुलगा गेला. दहा-अकरा वर्षांच्या एलिझाबेथने त्याची जागा भरून काढायचं मनावर घेतलं. ग्रीक शिकली, घोड्यावर बसली. ग्रीकचं बक्षीस घेऊन धावत वडिलांकडे गेली, तर त्यांनी कपाळाचा मुका घेतला आणि सुस्कारा सोडला: तू मुलगा असायला हवी होतीस. आणि सेनेका फॉल्सचं हे घर पुढे तिला दिलं कोणी? त्यांनीच. वर दुरुस्तीला पैसेही. माणसाचं काही कळत नाही बघा.

बाबा, ताईच्या पाठीवर मी झाले तेव्हा दुकानदाराने "मुलगा ना?" म्हणून विचारलं आणि तुम्ही "मुलगी. दोन किलो पेढे द्या," म्हणालात, असं आत्या सांगते. ती रंगवून सांगते, असं मला वाटायचं. खरं काय ते आता तुम्हीच सांगा.

कारण मार्चमध्ये तुम्हाला इकडे यायचंय. मुलगा की मुलगी, इथे डॉक्टर सांगतात, पण आम्ही विचारलेलं नाही. आई, डिंकाच्या लाडवांचं तू बघशीलच. बाबा, तुमच्याकडे कंदी पेढे. आणि पासपोर्टची मुदत आजच बघा.

तुमची,
धाकटी