आर्मच्या खोक्यात बोल्टही द्या

संपादक महोदय,

वरळीत समुद्राच्या वाऱ्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीचा खालचा आर्म (चाक गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा) घरी बदलायचा, तर निम्मा वेळ बोल्ट खातो. नट सुटतो, पण बोल्ट बुशातल्या (आर्मच्या टोकाच्या रबरी सांध्यातल्या) लोखंडी नळीला गंजाने धरलेला असतो. पान्याबरोबर नळीही फिरते, रबर नुसतं पिळतं. बाहेरून तेल मारून ते आत फारसं पोहोचत नाही. आमच्या सोसायटीतले हौशी मग गॅसची बत्ती काढतात. रबर पेटतं, शेजारीच ब्रेकचा होज! तळघरातल्या पार्किंगमध्ये याला बंदीच हवी. (कमिटीला गाडी धुण्याच्या पाण्यावरून भांडायला मात्र वेळ आहे.)

त्यापेक्षा गाडी स्टँडवर घ्यावी, नुसत्या जॅकवर नाही, आणि बुश व त्याला धरणाऱ्या ब्रॅकेटच्या फटीत करवतीचं बाय-मेटल (दोन धातूंचं) पातं घालून बोल्ट दोन्हीकडून कापावा. बोल्ट कडक पोलादाचा असतो, घाई चालत नाही. नव्या बोल्टच्या गुळगुळीत भागाला ग्रीस लावावं, आट्यांना नको. शेवटचा आवळा चाकं जमिनीवर टेकल्यावरच द्यावा, नाहीतर नवा बुश लवकर फाटतो.

कापलेला बोल्ट परत वापरता येत नाही. मग आर्म विकणाऱ्या कंपन्या त्याच खोक्यात बोल्ट-नट का देत नाहीत?

– एक वाचक, वरळी