तामार नाव ठेवायचं की नाही, त्याबद्दल

दिमोना

प्रिय दादा आणि वहिनी,

शालोम. नातीचे फोटो सगळे बघितले, परत परत बघितले, नाक अगदी आपल्या आईचं आहे. मेसेजवर एवढं सगळं टाइप करून मन भरत नाही म्हणून सविस्तर पत्रच लिहितेय, तेही तामार या नावाबद्दल, कारण तू लिहिलंस की सूनबाईला हे नाव फार आवडलंय पण मोठ्या काकी म्हणाल्या की त्या बिचारीचं नाव कशाला लावता पोरीला, अपशकुन होतो.

काकींचा जीव आहे पोरीवर म्हणून त्या बोलल्या, ते मला कळतं. त्यांच्या मनात दाविद राजाची मुलगी आहे. पण दादा, तनाखमध्ये, म्हणजे आपल्या हिब्रू बायबलमध्ये, तामार नावाच्या तीन बायका आहेत आणि तिघींना एकत्र वाचलं की मला तरी हे नाव अपशकुनी अजिबात वाटत नाही, उलट वाटतं की आपल्या घरात हे नाव यायलाच पाहिजे.

पहिली यहूदाची सून, उत्पत्तीच्या ३८ व्या अध्यायातली. नवरा एर मेला, मग दीर ओनान मेला, तिसरा दीर शेला मोठा झाला की तुझं लग्न लावून देतो असं सांगून सासऱ्याने तिला माहेरी पाठवलं आणि तो मोठा झाला तरी बोलावलंच नाही. मग तिने विधवेचे कपडे उतरवून बुरखा घेतला आणि तिम्नाच्या वाटेवर एनाईमला जाऊन बसली. यहूदाने तिला ओळखलं नाही, आणि मोबदल्याचं तारण म्हणून तिने त्याची मुद्रा, तिची दोरी आणि हातातली काठी मागून घेतली. तीन महिन्यांनी ती गरोदर असल्याचं कळलं तेव्हा यहूदा म्हणाला हिला बाहेर काढून जाळा. तिने आरडाओरडा केला नाही, चारचौघात त्याचं नाव घेऊन अब्रूही काढली नाही, फक्त त्या वस्तू पाठवल्या की या कोणाच्या ते ओळखा. आणि यहूदाला सगळ्यांसमोर म्हणावं लागलं की माझ्यापेक्षा तीच नीतिमान आहे. तिला जुळी झाली, पेरेस आणि जेरह, आणि पेरेसच्याच वंशात पुढे बवाज आणि मग दाविद. रूथच्या पुस्तकात बवाजचं लग्न ठरतं तेव्हा बेथलेहेमची वडीलधारी माणसं आशीर्वाद देतात की तामारने यहूदाला दिलेल्या पेरेसच्या घराण्यासारखं तुझं घराणं होवो. हे काकींना नक्की सांग, ज्या नावाने लग्नात आशीर्वाद दिलाय ते अशुभ कसं असेल?

दुसरी दाविदची मुलगी, अबशालोमची सख्खी बहीण, दुसऱ्या शमुवेलच्या १३ व्या अध्यायातली. तिची गोष्ट वाचताना माझा आवाज अजूनही जड होतो. सावत्र भाऊ अम्नोनने आजाराचं सोंग घेऊन तिला बोलावलं, तिने त्याच्यासमोर पीठ मळून पोळ्या केल्या आणि त्याने तिच्यावर बळजबरी केली. आपण तिला बिचारी म्हणून मोकळं होतो पण तिचं बोलणं किती आहे बघ त्या अध्यायात. ती त्याला तोंडावर सांगते की इस्राएलात असं करत नाहीत, मी माझी बेअब्रू घेऊन कुठे जाऊ, आणि नंतर तो हाकलतो तेव्हाही म्हणते की हे हाकलणं पहिल्यापेक्षा मोठं पाप आहे. राजाच्या मुली घालायच्या तो झगा तिने फाडला, डोक्यावर राख घातली आणि रडत ओरडत बाहेर गेली, गप्प बसली नाही. गप्प बसला तो दाविद. त्याला राग आला एवढंच लिहिलंय, मुलाला शिक्षा केल्याचं काही नाही. लाज वाटायची तर ती अम्नोनच्या नावाची वाटावी ना, तिच्या का?

आणि तिसरी, जिची आठवण कोणी काढत नाही. दुसरं शमुवेल, अध्याय १४, ओवी २७. अबशालोमला तीन मुलगे आणि एक मुलगी झाली, तिथे मुलग्यांची नावं दिलीच नाहीत, मुलीचं दिलंय, तामार, आणि ती दिसायला सुंदर होती एवढंच. आत्याचं नाव भाचीला लागलं. जी बहीण त्याच्या घरात उदास होऊन राहिली तिचंच नाव त्याच्या मुलीला मिळालं, मग आपण ते का टाळायचं?

नाव गावांनाही आहे. यहेज्केल देशाची दक्षिणेची हद्द सांगतो ती तामारपासून सुरू करतो. बरेच अभ्यासक म्हणतात की ते गाव म्हणजे इथून खाली अरावाच्या वाळवंटी खोऱ्यात उतरलं की लागणारं हत्सेवा. आम्ही गेलो होतो तिथे, राजांच्या काळातल्या किल्ल्याच्या भिंती आहेत, रोमन किल्ल्याचेही अवशेष आहेत, आणि बोरीच्या जातीचं एक खूप जुनं मोठं झाड आहे, त्याच्या सावलीत आम्ही डबे उघडले. तिथल्या खड्ड्यात अदोमी लोकांची, म्हणजे जुन्या शेजारच्या अदोम राज्यातल्या लोकांची, फोडून पुरलेली पूजेची मातीची भांडी सापडली, ती जोडून यरुशलेमच्या इस्रायल म्युझियममध्ये ठेवलीत. एन-गेदीचं जुनं नाव हससोन-तामार, ते दुसऱ्या इतिहासात स्पष्ट लिहिलंय. शास्तेच्या पुस्तकात बाल-तामार येतं. आणि शलमोनाने बांधलेल्या गावांच्या यादीत पहिल्या राजेमध्ये अक्षरं तामारची आहेत पण वाचायचं तदमोर, म्हणजे सीरियातलं पाल्मायरा, त्यावरून अजून वाद आहेत, त्यात मी शिरत नाही.

एवढ्या ठिकाणी हे नाव का, तर खजुरीमुळे, हिब्रूत तामार म्हणजेच खजुरीचं झाड. वाळवंटात खजुरी दिसली म्हणजे खाली पाणी आहे. शब्बाथला आपण ९२ वं स्तोत्र म्हणतो ना, नीतिमान माणूस खजुरीसारखा बहरेल, त्यात तामार हाच शब्द आहे, आणि आपल्या मलिद्याच्या, म्हणजे नवस-आभाराच्या विधीच्या, ताटात पोह्यांबरोबर खजूर असतोच. मसादा या जुन्या डोंगरी किल्ल्याच्या खोदकामात सापडलेली सुमारे २००० वर्षं जुनी खजुराची बी २००५ मध्ये केतुरा किबुत्झमध्ये (सामूहिक शेतीच्या वस्तीत) लावली आणि ती उगवली, झाडाचं नाव मथुशलह ठेवलं. ते नर झाड. मग तशाच जुन्या बियांतून आणखी झाडं आली, त्यातल्या हन्ना नावाच्या मादी झाडाला मथुशलहाच्या परागापासून २०२० मध्ये खजूर लागले! मला ही बातमी ऐकून खरंच रडू आलं होतं.

वहिनी, तुम्ही सूनबाईला सांगा की मनात किंतु ठेवू नकोस. आणि दादा, जन्मदाखल्यात तामार असं नीट लिही, ऑफिसात कोणी तमर नाहीतर तमारा करून ठेवेल, मग शाळेपासून पासपोर्टपर्यंत निस्तरत बसावं लागतं. बारशाची तारीख ठरली की लगेच कळव, तिकिटं महाग व्हायच्या आत काढायचीयेत. काकींना शुक्रवारी शब्बाथ लागायच्या आधी मीच फोन करते, तू फक्त पुस्तक त्यांच्याजवळ ठेव, दुसऱ्या शमुवेलचा १४ वा अध्याय उघडून.

तुझी बहीण