रोहिणी नक्षत्र लागल्यावर तळ्याच्या काठाला हात लावू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे सरत आला की गावतळी, पाझर तलाव आणि नाल्यांवर जेसीबीची घाई सुरू होते. गाळ निघालाच पाहिजे, मराठवाड्यात त्यावर दुमत नाही. पण गाळाबरोबर काठावरचे पाणकणीस, लव्हाळा, बेशरमाची झुडपेही साफ होतात, आणि तीही ऐन लाजऱ्या पाणकोंबडीच्या विणीच्या तोंडावर.

फ्लेमिंगो बघायला लोक जायकवाडीला जातात. ही पाणकोंबडी मात्र गावालगतच्या नाल्यात, दाट गवताच्या आडोशाला राहते. पाठ काळपट राखाडी, तोंड नि छाती पांढरीशुभ्र, आखूड शेपटीखाली विटकरी रंग. चालताना शेपटी सारखी वर झटकते. अंग दोन्ही बाजूंनी चपटे असल्याने दाट काड्यांतून ती सहज निसटते. म्हणूनच दिसते कमी. पाऊस पडला की मात्र ‘क्वाक-क्वाक’ असा तिचा घोष रात्रीसुद्धा थांबत नाही. अनेकांना तो बेडकाचा वाटतो.

वीण साधारण जून ते ऑक्टोबर. पाण्यालगतच्या झुडपात, जमिनीपासून फार उंच नाही, अशी काड्या-वेलींची वाटीसारखी घरटी असतात. अंडी बहुधा सहा-सात. नर-मादी दोघेही उबवतात, सुमारे २० दिवस. काळीभोर पिल्ले लवकरच घरटे सोडून आईबापामागे चालू लागतात, पण उडता येत नसते. काठ उघडा पडला की कुत्री, मुंगूस आणि घारी त्यांना सोडत नाहीत.

यंत्राचे काम मार्च ते मे मध्यापर्यंत उरकावे. काठाचा निदान तिसरा हिस्सा, तोही नाला तळ्यात शिरतो त्या तोंडाचा, तीन-चार मीटर रुंद पट्टा ठेवून सोडावा. तिथले पाणकणीस वाहून येणारी माती अडवते. ते उपटले तर काढलेला गाळ लवकर परत येतो. काठ उभा कापू नये. खोलीच्या एका फुटामागे तीन-चार फूट उतार द्यावा. उभी कड पावसात ढासळते आणि पिल्लांना वर चढता येत नाही.

बेशरम बाहेरून आलेले आहे, ते काढावेच, पण एका दमात नाही. ही पाणकोंबडी त्यातही घरटे करते. म्हणून दोन हिवाळ्यांत अर्धे-अर्धे काढावे. जलपर्णीही हिवाळ्यातच हाताने ओढावी. काठावर तणनाशक मारणे किंवा वाळले गवत पेटवणे टाळावे. पाणकणसाची मुळे जळत नाहीत, ते पुन्हा फुटते. जळतात ते तिचे खाद्य असलेले किडे, गोगलगायी आणि तिचा आडोसा.

प्लास्टिक अस्तराच्या शेततळ्यांबद्दल मुद्दाम लिहितो. गुळगुळीत कागदावरून पडलेले पिल्लू वर येऊ शकत नाही, दमून बुडते. दोन कोपऱ्यांत सुतळी गोण्या एकमेकींना शिवून काठापासून पाण्यात सोडाव्यात. वरचे टोक खुंटीला बांधावे, खालच्या टोकाला वाळूची पिशवी लावावी. दगड लावू नये, कागद फाटतो.

काम सुरू करण्याआधी पहाटे अर्धा तास काठाशी शांत बसून ऐकावे. सलग दोन-तीन दिवस त्याच झुडपातून पाणकोंबडीचा आवाज आला, तर घरटे जवळपास आहे असे समजून तेवढा भाग ऑक्टोबरअखेरपर्यंत सोडावा. झुडूप चाचपून घरटे शोधू नये. एकटे दिसलेले काळे पिल्लूही उचलून घरी नेऊ नये, त्याचे आईबाप गवतातच असतात.

आपले,
पक्षीनिरीक्षक वाचक, परभणी